चौथ्या खांबाचा पाचवा ठोकळा

मोंतेरावो, ५ मार्च १९६१

एर्सिलिये, माझ्या बहिणीच्या गुणी पोरी,

तुझं खात्याच्या शिक्क्याचं पत्र मिळालं. पोस्टमनने ते आधी सगळ्या चौकाला दाखवलं आणि मग मला दिलं. वर ‘देवळाच्या राखणदारास’ असं लिहिलंयस. ‘मामा’ लिहिलं असतंस तर खात्याची शाई संपली असती का? असो. रोममधल्या एवढ्या मोठ्या पुरातत्त्व खात्यात तुला पहिलंच काम आपल्या गावच्या रोमन देवळाचं मिळालं हे वाचून मी तडक देवळात गेलो, टोपी काढली आणि चारही खांबांना बातमी सांगितली. म्हणजे साडेतीन खांबांना.

तू अहवाल मागितलास, तो असा. देऊळ आहे तिथेच आहे. जोतं ठीक. पहिला, दुसरा आणि तिसरा खांब ठीक. चौथा भूकंपात अर्धा पडला त्याला शेहेचाळीस वर्षं झाली, तो तसाच. त्याच्या उरलेल्या अर्ध्यावर माझ्या वडलांनी उभा केलेला लाकडी टेकू अजून वरची तुळई धरून आहे. पण आता तो थोडा कललाय. आपले फादर जेर्वाझिओ जेवणानंतर कलतात तेवढा. सोमवारी कुरकुरला. मंगळवारी पुन्हा कुरकुरला. बुधवारपासून मी त्याच्याखाली उभं राहायचं सोडून दिलं.

आता चांगली बातमी. तू येणार म्हणून मी खांबांवरची कबुतरांची घाण व्हिनेगरने धुऊन काढायला घेतली आहे. दगड इतका खूश झाला की त्याला फेस आला.

तुझा मामा क्विरिनो
(राखणदार)


रोम, ९ मार्च

मामा,

हे पत्र वाचताना तुझ्या हातात व्हिनेगरची बाटली असेल तर आधी ती खाली ठेव.

ठेवलीस? आता ऐक. आपले खांब चुनखडीच्या दगडाचे आहेत. आंबट लागलं की तो दगड विरघळतो. तुला दिसला तो फेस आनंदाचा नव्हता. दोन हजार वर्षांत भूकंप झाले, लुटारू आले, गाभाऱ्यात कोणी डुकरं पाळली, ते सगळं देवळाने सोसलं, आणि आता तू त्याचं सॅलड करतोयस! साधं पाणी आणि मऊ ब्रश. दुसरं काही नाही. लिंबूसुद्धा नाही. तुला ओळखते म्हणून लिहिलं.

टेकूचं वाचून मला झोप लागली नाही. तुळईचं ते टोक खाली आलं तर एकटं येणार नाही, वरचा अख्खा त्रिकोण घेऊन येईल. आमचे तार्दिओलीसाहेब म्हणतात, सोपं आहे, चौथ्या जागी काँक्रीटचा खांब ओतून टाकू. त्यांनी मागच्या वर्षी एका देवळाला असा खांब दिलाय. म्हाताऱ्याच्या तोंडात एकच दात लोखंडाचा असावा तसा दिसतो. मी अडून बसले. शेवटी ते म्हणाले, ‘मे अखेरपर्यंत मूळ दगड आणून दाखवा. नाहीतर एक जूनला सिमेंट.’

खांब म्हणजे एकावर एक रचलेले सहा गोल ठोकळे आणि वर कोरीव शीर्ष. चौथ्याचे खालचे तीन ठोकळे जागेवर आहेत. वरचे तीन आणि शीर्ष नाही. प्रत्येक ठोकळा चौऱ्याऐंशी सेंटिमीटर रुंद, सत्तर उंच, बाजूने वीस उभ्या खोलगट पन्हळ्या, आणि वजन आठशे किलो. असली वस्तू कोणी खिशात घालून परगावी नेत नाही. ते भूकंपात घरंगळत गावात गेले असं आजी सांगायची, म्हणजे गावातच असणार. मामा, घरोघर जा. खऱ्या ठोकळ्याच्या बुडाला जुन्या कारागिरांची एक खूण असते. ती कसली ते मी मुद्दामच सांगत नाही. मलाही गाव माहीत आहे.

एर्सिलिया


मोंतेरावो, २१ मार्च

पोरी,

व्हिनेगर सॅलडकडे परत गेलं.

मी घरोघर गेलो. एकशे बारा घरं झाली, माझं धरून एकशे तेरा. कोणाकडे काही नाही. आपलं गाव फार प्रामाणिक आहे, असं तुझ्या साहेबांना कळव.

दारूच्या गुत्त्यात चौघे जण कशावर तरी पोतं टाकून पत्ते खेळत होते. मी विचारलं, “खाली काय आहे?”

“पिंप.”

“पिंपाला पन्हळ्या असतात का रे?”

“जुनं पिंप आहे, क्विरिनो. सुरकुत्या पडल्यात.”

मला ते पटलं.

रविवारी फादर जेर्वाझिओंनी प्रवचनात हाच विषय घेतला. पवित्र पाण्याच्या कुंडाशी उभे राहून, एक हात त्याच्या दगडी पायावर आपटत म्हणाले की देवळाच्या दगडावर जेवणाऱ्याला अन्न पचणार नाही. त्या दुपारी माझ्याही पोटात दुखलं, पण ते शेंगांमुळे असावं. प्रवचनाचा परिणाम एवढाच झाला की मी सगळ्यांना चोर ठरवलं असं गावाला वाटलं आणि आता कोणी माझ्याशी बोलत नाही. बेकरीवाल्या दोमितिल्लाबाईंनी मला कालचा पाव दिला. शिळा आहे म्हटलं, तर म्हणाल्या, “राखणदारसाहेब, तुम्हाला जुन्या वस्तूच आवडतात ना?”

तुला माहीतच आहे, दोमितिल्लाबाई गेली अकरा वर्षं दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतात. विधवा बाई, एकटीने काय जेवायचं, म्हणून. लोकांनी काही बोलू नये म्हणून फादरही येतात. या रविवारी फक्त फादर आले. दोघांचं जेवले.

माझं म्हणणं, ठोकळे फुटले असणार. नवा टेकू पाठव, विषय संपव.

क्विरिनो


रोम, २७ मार्च

मामा,

दोष गावाचा नाही, आपला आहे. ‘चोरलेलं परत द्या’ म्हटल्यावर कोण देईल? आता असं सांग: ज्या घराण्यांनी भूकंपानंतर देवळाचे दगड प्रेमाने सांभाळले, त्यांची नावं संगमरवरी पाटीवर कोरून ती देवळाशी लावणार. साहेबांना मी अजून विचारलेलं नाही, पण तू सांगून टाक.

आणि त्या सुरकुत्या पडलेल्या पिंपाकडे पुन्हा एकदा जा. पोतं उचल.

एर्सिलिया


मोंतेरावो, १७ एप्रिल

एर्सिलिये, काय करून ठेवलंस हे!

पाटीची गोष्ट मी तीन तारखेला सकाळी चौकात सांगितली. दुपारी पहिली बैलगाडी आली. आज सतरा तारीख. देवळापुढच्या गवतावर अकरा ठोकळे, सात शीर्षं, अर्धा सिंह, जात्याची तळी, कोणाच्या तरी कबरीची शिळा आणि एका सम्राटाचं डोकं आहे. ते डोकं आपल्या औषधवाल्यासारखं दिसतं, आणि औषधवाल्यानेच आणून दिलंय. चार खांबांच्या देवळात अर्धा खांब कमी होता. आता सव्वा खांब जास्त आहे आणि गाड्या थांबत नाहीत.

पत्तेवाल्यांनी पिंप आणलं. पोतं काढून, फुलं वाहून, बँड लावून आणलं. फादर जेर्वाझिओंनी कुंडाखालचा पाया काढून दिला. ते माझ्याकडे बघत नाहीत. मीही बघत नाही.

चोर ठरण्याची लाज होती ती दोन दिवसांत गेली. आता ज्यांच्या घरात काही नाही त्यांनाच तोंड लपवायची वेळ आली आहे. सरपंचांची बायको नवऱ्याला चौकात म्हणाली, “सगळ्यांचे आजे काहीना काही घेऊन पळाले. तुझाच आजा तेवढा झोपला होता!” त्या रात्रीपासून सरपंच पाथरवट नाझारेनोच्या दुकानाच्या आसपास दिसतात. नाझारेनोने दुकान आतून बंद केलंय. मी दार वाजवलं.

“नाझारेनो, आत काय ठोकतोयस?”

“कबरीची शिळा.”

“कोण गेलं?”

ठोकणं थांबलं. मग म्हणाला, “बघू.”

आता मी काय करू?

क्विरिनो


रोम, २१ एप्रिल

मामा, शांत हो. प्रत्येक ठोकळा आडवा कर, बुड ओल्या कापडाने पूस आणि काय कोरलंय ते लिहून पाठव. जसंच्या तसं, तुझ्या मनाचं काही न घालता. तोवर त्यातलं काही धुऊ नकोस, विशेषतः सम्राट.

एर्सिलिया


मोंतेरावो, ६ मे

पोरी,

सहा माणसं, दोन बैल आणि चार दिवस लागले. बुडावर सापडलं ते असं. पत्तेवाल्यांच्या ठोकळ्यावर चार रेघा. फादरांच्या ठोकळ्यावर सहाचा रोमन आकडा. बाकी नऊपैकी सातांवर ‘ना.पे.’ अशी अक्षरं. ती कोणाची हे मी नाझारेनो पेत्रुच्चीला विचारलं. म्हणाला, “क्विरिनो, कलाकाराने सही करायची नाही तर काय करायचं?” उरलेले दोन पूर्वीच्या कुठल्या तरी पाणचक्कीचे आहेत.

खरं शीर्ष दोमितिल्लाबाईंच्या बेकरीमागे उलटं पडलेलं होतं. त्यावर धुण्याची टोपली ठेवत होत्या. त्यांनी ते स्वतः दिलं. म्हणाल्या, “मला पाटीवर नाव नको. ज्याचं असेल त्याने सरळ मनाने द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.” असं म्हणून त्या माझ्याकडे फार वेळ बघत राहिल्या. माझ्या कॉलरला काही लागलंय का ते मी घरी जाऊन पाहिलं.

तेव्हा चौथा मिळाला, सहावा मिळाला, शीर्ष मिळालं. पाचवा नाही. तो फुटला असणार. त्याचा चुरा होऊन तो वाऱ्यावर गेला असणार. शेहेचाळीस वर्षं म्हणजे थोडी नाहीत. नाझारेनोचे सात ठोकळे आहेत, त्यातला एक तर खऱ्यापेक्षाही चांगला दिसतो. तो घाल. एका ठोकळ्याने काय बिघडतं? लोक खाली बघून चालतात. पाचवा ठोकळा जमिनीपासून केवढा उंच! तिथे कोण बघायला जातंय?

मला अलीकडे भूक लागत नाही.

क्विरिनो


मोंतेरावो, ११ मे

एर्सिलिया बाळ,

मी दोमितिल्ला, बेकरीवाली. तू लहान असताना माझ्या दुकानातून वाईनची बिस्किटं उचलायचीस आणि मी दुसरीकडे बघायचे. आता तू दुसरीकडे बघायची पाळी आहे.

पाचवा ठोकळा तुझ्या मामांकडे आहे. त्यांचं जेवणाचं मेज म्हणजे तोच. वर फळी आणि फळीवरून जमिनीपर्यंत मेजपोश. मेजपोश मी आजवर उचललेला नाही, दुसऱ्याच्या घरात तसं करू नये. पण मेजाखाली पाय कुठे घेऊ? अकरा वर्षं दर रविवारी माझा उजवा गुडघा त्या मेजावर आपटतोय. गुडघ्याच्या काळ्यानिळ्या डागावर पन्हळ्या उमटल्यात. तुझं ते वर्णन चौकात वाचून दाखवलं तेव्हाच मी मनात म्हटलं, हा तर माझ्या ओळखीचा.

त्यांच्या वडलांनी तो सांभाळायला म्हणून घरी आणला असणार. खात्याची माणसं नऊ वर्षांनी उगवली, तोवर त्यावर मेजपोश पडला होता. पुढे तुझे मामा राखणदार झाले. आता तीस वर्षांची नोकरी, त्यात ‘माझं धरून एकशे तेरा घरं पाहिली’ असं गावभर सांगून बसलेले. कसे बोलणार? माणूस वाळलाय. काल पाव घ्यायला आले आणि पैसे देऊन पाव तिथेच विसरून गेले. मधे तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही ते रागाने नव्हे. तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर पडलं असतं.

तू शिकलेली आहेस. ठोकळाही निघेल आणि त्यांची मानही खाली जाणार नाही, असं काही तरी कर. आणि मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

दोमितिल्ला


रोम, १६ मे

प्रिय मामा,

नाझारेनोचा ठोकळा चालणार नाही, कितीही देखणा असला तरी. पण निराश होऊ नकोस. देवळामागच्या काटेरी झुडपात कोणी नीट शोधलंय का? आमच्या अनुभवात असल्या ठिकाणी ठोकळे अचानक सापडतात. एखाद्या सकाळी जावं तर समोर पडलेला असतो. कसा आला, कुठून आला, हे मी मुळीच विचारत बसत नाही. खातंही विचारत नाही.

५ जूनला मी क्रेन घेऊन येते. साहेबांना चार दिवस थांबायला मी राजी केलंय. तुझ्याकडेच जेवेन. नीट जेवत जा.

एर्सिलिया


मोंतेरावो, २९ मे (तातडीचं)

एर्सिलिये,

तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगतो. पाचवा ठोकळा माझ्या घरात होता. माझ्या मेजपोशाखाली. आता शिव्या दे आणि मग पुढे वाच.

तू झुडपाचं लिहिलंस आणि मला वाटलं देवानेच वाट दाखवली. म्हटलं, गुपचूप तिथे नेऊन ठेवावा आणि सोमवारी सापडवावा. पण आठशे किलो गुपचूप नेणार कसे? काल रविवारी मादोन्नामातेची मिरवणूक होती, सगळं गाव खालच्या वेशीशी होतं. मी फळी काढली, पहारीने ठोकळा आडवा पाडला, उंबऱ्याला साबण लावला आणि ढकलला. दारातून लोण्यासारखा बाहेर आला. आईने बघितलं असतं तर माझं कौतुक केलं असतं.

माझ्या दारापासून देवळापर्यंत गल्ली सपाट आहे. पण मधे उजव्या हाताला मोठा रस्ता खाली उतरतो, हे ठोकळ्याच्या माझ्याआधी लक्षात आलं. मी दोर धरला होता. दोर तुटला. ठोकळा वळला आणि निघाला.

मी मागे ओरडत धावलो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. लोक म्हणतात, “अहो, थांबा!” असं म्हणत होतो. खालून मिरवणूक वर येत होती. बँड पुढे, मागे मादोन्नाची मूर्ती आठ जणांच्या खांद्यावर. बँडने ठोकळा पाहिला आणि दोन्ही बाजूंच्या दारांत शिरला, पण वाजवायचा थांबला नाही. आठ जण मादोन्नासकट औषधवाल्याच्या दुकानात घुसले. फादर जेर्वाझिओ आयुष्यात प्रथमच सरळ उभे राहिलेले मी पाहिले, भिंतीला चिकटून. ठोकळा सगळ्यांच्या मधून सभ्य माणसासारखा गेला. कोणाला ओरखडाही नाही, मादोन्नाची शपथ.

आणि वेशीतून एक नवी कोरी करडी गाडी आत आली. रस्त्यात थांबली, आतून एक चष्मेवाले गृहस्थ उतरले आणि हात वर करून म्हणाले, “इथला राखणदार कोण?” तेवढ्यात ठोकळा त्यांच्या गाडीच्या नाकावर जाऊन थांबला. ते तुझे तार्दिओलीसाहेब होते. सिमेंटसाठी जागेचं माप घ्यायला न सांगता आले होते.

साहेब बराच वेळ गाडीकडे बघत होते. मग वाकून ठोकळ्याचं बुड पाहिलं. पाच. ते म्हणाले, “हा कोणाचा?”

मी गल्लीच्या वळणातून मागे पळत आलेलो, ठोकळा कुठल्या दारातून निघाला हे कोणीच पाहिलं नव्हतं. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. पण सरपंच पुढे आले. “आमच्या घराण्याचा!” औषधवाला आतून मादोन्नाच्या आडून ओरडला, “आमचा!” पाटीवरच्या नावासाठी, दुसरं काय. अकरा घराण्यांनी त्यावर हक्क सांगितला. तोवरही मी जीभ चावून उभा होतो. मग नाझारेनो आला, ठोकळ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, “साहेब, खरं सांगायचं तर हा मी कोरलाय.”

ते मात्र मला सहन झालं नाही, पोरी.

“तू कोरलास?” मी ओरडलो. “तुझ्या बापाला तरी जमला असता का? हा माझा आहे! बारा वर्षांचा होतो तेव्हापासून यावर सूप पितोय! एका पन्हळीत माझ्या आईने सुरीने माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलंय, जा बघ!”

सगळे बघायला गेले. खूण होती.

दोमितिल्लाबाई गर्दीत होत्या. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले.

राखणदाराची टोपी मी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती गाडीच्या चेपलेल्या जागेवर ठेवली. एक पन्हळ काठाशी टवकली आहे. त्याबद्दल माफ कर. बाकी ठोकळा चांगला आहे.

क्विरिनो


रोम, ३ जून

मामा,

टोपी वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. डोक्यावर घाल.

साहेबांनी तुझ्याविरुद्ध चार पानी अहवाल लिहायला घेतला होता. मी त्यांच्यासमोर कायद्याचं पुस्तक उघडून ठेवलं. प्राचीन वास्तूच्या भागाला वाहनाचा धक्का लागून तो टवकला, तर वाहनमालक जबाबदार. वाहन उभं होतं आणि वास्तू पळत होती, असा प्रसंग कायद्याने धरलेलाच नाही. साहेबांनी ते कलम तीनदा वाचलं. मग मला म्हणाले, “तुम्हीच लिहा.”

मी लिहिलं: ‘पाचवा ठोकळा १९१५पासून राखणदाराच्या ताब्यात सुरक्षित होता.’ यात खोटं काय आहे? सिमेंट रद्द झालं. टवका भरून होईपर्यंत क्रेन मात्र पुढे गेली, आता ऑक्टोबरात.

शिव्या देणार होते, पण देत नाही. मामा, त्या मेजावर मी सगळं लहानपण जेवले आणि मला एकदाही कळलं नाही. मी वास्तुविशारद आहे, ही गोष्ट कृपा करून कोणाला सांगू नकोस.

एर्सिलिया


मोंतेरावो, २ जुलै

एर्सिलिये,

टवकलेल्या पन्हळीला तुझी माणसं चुन्याचं काहीतरी लावताहेत. दंतवैद्यापेक्षा हळू काम करतात. मी रोज बघत बसतो. नाझारेनोच्या ठोकळ्यांची तू बाकडी केलीस ते बरं झालं. तो प्रत्येकावर बसून बघतो.

एक गोष्ट कळली. दोमितिल्लाबाईंनी तुला लिहिलं होतं. त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, अकरा वर्षं गुडघा आपटत होता तर मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुम्ही मेज बदललं असतं, आणि लाजेने बोलावणंही बंद केलं असतं.”

मला राग आला आहे. मी सहा किलोमीटर चालत शेजारच्या गावातून पाव आणतो. भयंकर पाव आहे.

क्विरिनो


रोम, ९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

शनिवारच्या गडबडीत तुझ्याशी दोन शब्दही बोलता आले नाहीत. क्रेनचा माणूस घाई करत होता, मी परांचीवरून उतरले ती थेट गाडीत बसले. म्हणून हे पत्र.

चौथा खांब उभा आहे, मामा. काल कागदावर पुन्हा सगळी मापं तपासली. चौथा, पाचवा, सहावा, शीर्ष, मधल्या खुंट्या, त्यांभोवतीचं शिसं, सगळं जिथल्या तिथे. तुळईने आपलं वजन त्याच्यावर टाकलं आणि तो केसभरही हलला नाही.

पण दोन गोष्टी मला कळल्या नाहीत. शेवटची पाचर निघाली तेव्हा मी वर तुळईला कान लावून होते, एवढासा तडा गेला तरी ऐकू यावा म्हणून. खालचं काही कळत नव्हतं. मी ओरडून विचारलं, “आवाज आला का?” आणि खालून सगळं गाव एका सुरात ओरडलं, “आला!” मी तीनदा दगड तपासला. तडा कुठेच नाही. मग कसला आवाज आला?

दुसरी गोष्ट टाळ्यांची. किती वेळ वाजवत होते! फादर टोपी उडवत होते, बायका डोळे पुसत होत्या. मी मोठमोठी कामं पाहिली आहेत, पण एका खांबासाठी गाव असं वेडं झालेलं पाहिलं नाही. मी साहेबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, लोकांना वास्तुकलेची जाण असते, आपणच त्यांना कमी लेखतो.

तुझी एर्सिलिया


मोंतेरावो, १३ ऑक्टोबर

माझ्या पोरी,

साहेबांचं चुकलं नाही, पण टाळ्या खांबासाठी नव्हत्या.

आता तुला नीट सांगतो. तू म्हणालीस की शेवटच्या दोन पाचरी हाताने काढायच्या आणि दोराच्या आत एकच माणूस हवा. मी म्हटलं, टेकू माझ्या वडलांचा, पाचरी मी काढणार. तू वर गेलीस, मी हातोडा घेऊन तुळईखाली गेलो. पहिली पाचर सहज निघाली. दुसरीवर घाव घातला आणि टेकू असा काही कण्हला की क्रेनवाल्यानेही टोपी काढली. मी दुसरा घाव घालायला हात उचलला.

तेवढ्यात दोराच्या पलीकडून आवाज आला, “क्विरिनो! बाहेर ये, गाढवा! मरशील!”

दोमितिल्ला होती. हात पिठाने भरलेले, दुकान उघडं टाकून आलेली. माझा राग पंधरवड्यातच गेला होता, रविवार पुन्हा सुरू झाले होते. पोरी, अकरा वर्षांत तिने मला ‘राखणदारसाहेब’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. सगळं गाव तिच्याकडे वळलं. मग माझ्याकडे. मग परत तिच्याकडे. ती कानापर्यंत लाल झाली, पण मागे सरली नाही.

मी तुळईखालून विचारलं, “मला ‘ये’ म्हणालात?”

“म्हणाले. आता ये.”

“सगळ्यांसमोर?”

“तुला आत्ता मोजायचीत का माणसं किती आहेत ती? बाहेर ये आधी!”

“एवढी एक पाचर काढतो आणि येतो.”

“आणि मग?”

डोक्यावर केवढा दगड, हातात हातोडा. मी म्हटलं, “मग तू म्हणशील ते.”

ती म्हणाली, “मग लग्न करू. मी दर रविवारी घरी परत जाऊन कंटाळले.” मी पाचरीवर घाव घातला, टेकू सुटून गवतावर पडला, खांब उभा राहिला आणि मी बाहेर आलो. फादर जेर्वाझिओ म्हणाले, “हिने विचारलं ते मी ऐकलं. पण याचा होकार मला ऐकू आला नाही. सगळ्यांनी गप्प बसा. क्विरिनो, मोठ्याने बोल.”

मी पोटातून ओरडून “हो!” म्हणालो.

आणि नेमकं त्याच वेळी तू वरून विचारलंस, आवाज आला का म्हणून.

लग्न सान मार्तिनोच्या दिवशी आहे, अकरा नोव्हेंबरला, सकाळी. त्या दिवशी नवी वाईन उघडतात, त्यामुळे फादरांना तारीख पाठ आहे. तुला वराकडून बसायचं की वधूकडून, असं दोमितिल्ला विचारते. मी म्हटलं, पोरीला मधे बसव, म्हणजे दोघांकडून ओरडा खाईल. ती म्हणाली, त्या पोरीला मी कधी ओरडले नाही, आणि तुझ्यासाठी बिस्किटांचा डबा भरायला गेली.

ये, पोरी. एक दिवस आधीच ये.

मामा